शिबिरातलं रक्त

मॅडम,

मी पुन्हा कामाला लागले. हे तुम्हाला सांगायला फार उशीर झाला, माहीत आहे. तुमच्या लॅबमधून मी बाळंतपणासाठी म्हणून गेले ती गेलेच, आणि माझं धाकटं रांगायला लागलं त्या सुमारास तुम्ही गेलात. एकाच गावात राहून मला ते आठवड्यानंतर कळलं, तेही भाजी घेताना, तुमच्या गल्लीतल्या एका बाईच्या तोंडून. त्या दिवशी घरी येऊन मी कुकर लावला, वाळलेले कपडे काढले. रडत बसावं अशी जागा त्या घरात तेव्हा नव्हती. आता लिहितेय तेही रडण्यासाठी नाही. मला किळस आलीय, मॅडम. गेले काही महिने ती घशाशी येऊन बसलीय, आणि कुणाला सांगायला जावं तर माणूस लगेच समजूत घालायला लागतो. तुम्ही कधी कुणाची समजूत घातली नाहीत. म्हणून तुम्हाला लिहितेय.

तुमची लॅब म्हणजे तुमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या, आणि मागे स्वयंपाकघर. मधल्या दाराला उंबरा नव्हता, पण तुम्ही तो मानलेला होता. इकडचं तिकडे जायचं नाही, तिकडचं इकडे यायचं नाही. दुपारी तुम्ही मला आत जेवायला बोलवायचात, आधी लहान मुलाला लावावेत तसे कोपरापर्यंत हात धुवायला लावायचात, आणि मग ताटात कडक भाकरी, शेंगाची चटणी, तिच्यावर दही. जेवताना तुम्ही बोलायचा नाहीत. एकदा, एकदाच, मी चहाचा कप हातात घेऊन मायक्रोस्कोपच्या खोलीत आले. तुम्ही कप माझ्या हातातून घेतलात, बाहेरच्या पायरीवर जाऊन ओतलात आणि रिकामा कप मला परत दिलात. पेशी मोजताना तुम्ही कानडीत मोजायचात, ओंदु, येरडु, मूरु, अगदी हळू. अक्कलकोटकडच्या तुम्ही. बोलणं मराठीत चालतं, मोजणं आईच्या भाषेत केलं म्हणजे चुकत नाही, असं म्हणाला होतात. मोजत असताना कुणी हाक मारली तर ओ द्यायचा नाहीत. मला तेव्हा ते तुसडेपणाचं वाटायचं. माझी पहिली दिवाळी आली तेव्हा मला वाटलं, साडी मिळेल. तुम्ही मला बंद बूट दिलेत, तपकिरी, पुरुषी, पुढून बोथट. म्हणालात, "चपला घालून येतेस, पायावर ॲसिड पडलं तर नवऱ्याकडे माझं नाव सांगशील." ते बूट घालून मी बसस्टॉपवर उभी राहायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि ते भवानी पेठेतले आजोबा. तुम्हाला आठवत असतील. हिमोग्लोबिनच्या नळीतला रंग जुळवायचा होता, बाहेर रांग होती, आणि मी नीट न जुळवता आकडा अंदाजाने लिहून टाकला. संध्याकाळी तुम्ही ती नळी उजेडात धरून पाहिलीत. ओरडला नाहीत. म्हणालात, "रक्त त्यांचं आहे. अंदाज तुझा आहे. दोन्ही एका कागदावर कसे लिहिलेस?" आणि दुसऱ्या दिवशी, मे महिन्यात, भर दुपारी मला एकटीला त्यांच्या घरी पाठवलंत, माफी मागून रक्त परत घेऊन यायला. विणकरांचं घर. मागाचा खडखडाट, बायका आपसात तेलुगूत बोलत होत्या आणि मला कळत होतं की माझ्याबद्दलच बोलतायत. आजोबांनी बाही वर केली आणि मराठीत म्हणाले, "चूक झाली तर झाली. आलीस ना." परत येताना डांबर पायाला चिकटत होतं. मी तुमच्यावर इतकी चिडले होते की नोकरी सोडायची असं ठरवूनच आत आले. तुम्ही पन्ह्याचा ग्लास पुढे केलात आणि म्हणालात, आधी नमुना लाव, मग पी.

बाळंतपणाला निघाले तेव्हा तुम्ही दारापर्यंत आलात. "जागा धरून ठेवणार नाही," म्हणालात, "पण ये."

नाही आले. मुलगी झाली, मग मुलगा झाला, मग सासऱ्यांचं दुखणं निघालं, मग शाळा. घरी बसले, असं लोक म्हणतात. बसायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. त्या वर्षांची मला लाज नाही आणि त्यांचं कौतुकही नको आहे. कौतुकाचीच मला खरी शिसारी आहे. लग्नाकार्यात कुणीतरी गालावरून हात फिरवून म्हणतं, किती त्याग केलास गं मुलांसाठी. त्याच तोंडाने पुढे विचारतं, मग दिवसभर करतेस काय.

मुलगा एकटा सायकलवरून शाळेत जायला लागला तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, मी काम शोधते. तो कॉलेजच्या ऑफिसात आहे. स्वभावाने शांत. म्हणाला, "बघ की. तुझाही वेळ जाईल." दोन दिवसांनी फोनवर त्याच्या बहिणीला सांगत होता, "मीच म्हटलं तिला, पड जरा बाहेर." मी पोळ्या लाटत होते. लाटणं थांबलं, एवढंच.

मग मी लॅबा हिंडले. आता गल्लोगल्ली आहेत, काचेची दारं, एसी, भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचे फोटो. एका ठिकाणी समोरच्या पोराने विचारलं, "मधल्या वर्षांत काय केलं?" मी म्हटलं, दोन मुलं वाढवली. तो म्हणाला, "नाही नाही, ते झालंच हो. काम काय केलं?" दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी माझे हात पाहिले, उलटसुलट करून, बाजारात वांगी बघावीत तसे, आणि म्हणाल्या, "आता सुई धरायला जमेल का?" तिसऱ्या ठिकाणी मात्र मालक उठून उभा राहिला. माझ्याहून लहान, घट्ट शर्ट, अतिशय गोड बोलणं. सगळे त्याला सर म्हणायचे. म्हणाला, "ताई, आम्ही गॅपवाल्या लेडीजना मुद्दाम घेतो. घर सांभाळलेली बाई जबाबदार असते. आजकालची पोरं टिकत नाहीत." मॅडम, मी जिना उतरून खाली आले आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे घेतले. आज आठवलं की ते पेढे अजून दातात चिकटल्यासारखे वाटतात.

तिथे आम्ही तिघी होतो. पुढच्या टेबलावर एक, मशीनवर एक, आणि मी रक्त घ्यायला. तिघीही मुलांच्या मागे वर्षानुवर्षं घरी राहून परत आलेल्या. मशीनवरची माझ्याच वयाची, हसरी. पहिल्या दिवशी तिने मला कपाट दाखवलं, ॲप्रन दिला, डबा कुठे ठेवायचा ते सांगितलं. "घाबरू नकोस, हात आपोआप येतो," म्हणाली. आणि आला, मॅडम. तिसऱ्याच दिवशी एका लठ्ठ माणसाची शीर मला बोटाला लागली, डोळे मिटून लागावी तशी, आणि नळीत रक्त चढलं तेव्हा मला इतका आनंद झाला की त्या माणसाला वाटलं, मी त्याच्याकडे बघून हसतेय.

पहिल्याच महिन्यात शहराबाहेर कुंभारीला शिबिर लागलं, तिथल्या कामगारांच्या वसाहतीत. मांडव, खुर्च्या, कुणाचा तरी हात जोडलेला मोठा फोटो, मोफत रक्ततपासणी. बहुतेक बायकाच होत्या, विड्या वळणाऱ्या, बोटांना तंबाखूचा वास. सकाळभर मी एकीमागून एक हात घेत होते. कुणाची शीर लपते, कुणी मान वळवते, कुणी "बाई, हळू" म्हणते. घामाने ॲप्रन पाठीला चिकटला होता आणि मी सुखात होते.

त्यातलीच एक. तिशीची असेल. हात पुढे केला तेव्हा मला तिची नखं दिसली. पांढरी, मधे दबलेली, चमच्यासारखी. मी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत लालीच नव्हती. सुई घातली तर नळीत आलेलं रक्तही कसं फिकट, पाणचट.

"काय होतंय तुम्हाला?" मी विचारलं.

"काय न्हाय ओ. जीव दमतोय. घागर उचलली की छातीत धडधड करतंय. घरात म्हणत्यात, हिला कामाचा कंटाळा हाय."

"कंटाळा नाही हा. हे मशीनवर लागू दे. तुमचा रिपोर्ट मी स्वतः बघते."

"बघा की बाई. कागदावर आलं म्हणजे त्यास्नीबी पटंल."

दुपारी नळ्यांची पेटी घेऊन आम्ही परत आलो. सर म्हणाले, "ताई, तुम्ही दमलात. घरी जा, मुलं वाट बघत असतील. पुढचं आम्ही बघतो." किती समजूतदार माणूस, असं मला वाटलं. रिक्षाजवळ पोचल्यावर आठवलं, डबा वरच राहिला. परत गेले. मागच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं.

मशीनवरची बेसिनपाशी उभी होती. शेजारी ट्रेमध्ये सकाळच्या नळ्या. ती एकेका नळीचं जांभळं बूच काढत होती आणि रक्त बेसिनमध्ये ओतत होती, नळ सोडून. कांदा चिरावा, भांडी विसळावीत, तितक्या सवयीने. बेसिनमध्ये चहाचे कप पडलेले होते. एका कपात गुलाबी पाणी साचलं होतं आणि त्यावर सायीचा तुकडा तरंगत होता. मॅडम, मी दोन बाळंतपणं पाहिली, सासऱ्यांचं सगळं अंथरुणात काढलं, मुलांच्या ओकाऱ्या ओंजळीत झेलल्या. मला कधी किळस आली नव्हती. त्या कपाकडे पाहून आली.

"हे काय चाललंय?" मी म्हटलं.

तिने मान वळवून पाहिलं. दचकली नाही. "शिबिराचं आहे ते," ती म्हणाली. जणू शिबिराचं रक्त म्हणून काही निराळा प्रकार असतो.

"मशीनला लावलं का?"

"चार-पाच लावते गं. बाकीचं अंदाजाने टाकायचं, थोडं वर, थोडं खाली. शिबिरातली माणसं ठीकच असतात." मग जरा थांबून, खरोखरच्या मायेने म्हणाली, "मलाही पहिल्यांदा मळमळलं होतं. होते सवय. ती रिकामी पिशवी दे जरा इकडे."

पिशवी मी दिली नाही. डबा उचलला आणि निघाले. रिक्षात बसल्यावर डब्याला रक्ताचा वास येतोय असं वाटायला लागलं म्हणून तो नाकाशी नेऊन पाहिला. वास मटकीच्या उसळीचा होता.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर त्या पांढऱ्या नखांच्या बाईचा रिपोर्ट काढला. हिमोग्लोबिन बारा पॉइंट दोन, म्हणजे बाई ठणठणीत. खाली एका डॉक्टरांची सही, छापील, ज्यांना मी त्या जागेत कधी पाहिलं नव्हतं. त्याच्याखाली, नमुना कुणी घेतला तिथे, माझं नाव. शिबिराचे कागद सकाळीच वाटायला गेले होते. मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, हा रिपोर्ट चुकीचा आहे, हिचं रक्त परत घ्यायला हवं.

"बसा ताई. पाणी घ्या." त्याने खरंच ग्लास पुढे सरकवला. "हे बघा, मोफत गोष्टीवर किती खर्च करायचा असतो, हे घर चालवणाऱ्या बाईला मी काय सांगू? तुम्ही उरलेल्या भाताचा फोडणीचा भात करता की नाही?"

"ती बाई आजारी आहे, सर."

"मग जाईल की डॉक्टरकडे."

"का जाईल? तिच्या हातात तुमचा कागद आहे."

तो हसायचा थांबला नाही, हेच मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. आवाजही चढला नाही. म्हणाला, "ताई, इतकी वर्षं तुम्ही घरी. तुम्हाला कुणी उभं करत नव्हतं. मी घेतलं. का घेतलं असेल, असं वाटतं तुम्हाला?"

काचेपलीकडे पुढच्या टेबलावरची फोनवर कुणाला तरी गोड आवाजात वेळ देत होती. मशीनवरची मान खाली घालून काम करत होती. मी त्या दोघींकडे पाहिलं आणि मग मला कळलं. आम्ही जबाबदार म्हणून तिथे नव्हतो. आम्ही उपकारात राहू, तोंड उघडणार नाही, ही आमची लायकी ठरलेली होती. वर्षानुवर्षं ज्या बाईला काय केलंस, काय केलंस म्हणून विचारलं, तिला कुणी खुर्ची दिली की ती खुर्चीखाली काय आहे ते बघत नाही, हे त्या माणसाने बरोबर ओळखलं होतं. फोडणीच्या भातासारखंच होतं ते. उरलेल्या बायका. माझ्या अंगावरचा ॲप्रन मला त्या क्षणी कुणाच्या तरी ओल्या कपड्यासारखा वाटला. मी तो काढून त्याच्या टेबलावर, पाण्याच्या ग्लासशेजारी ठेवला. तुम्ही असतात तर तो ग्लासही बाहेर नेऊन ओतला असतात.

खाली आले आणि तशीच कुंभारीला गेले. वसाहतीत विचारत विचारत घर सापडलं. ती दारात बसली होती, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं. मला पाहून उठायला गेली आणि चौकटीला धरून थांबली.

"बाई, तुमी? चांगलं आलं की ओ माजं." आत भिंतीवर, कॅलेंडरच्या खिळ्याला, माझ्या नावाचा तो कागद टोचलेला होता. "आमचं मालक म्हणले, बघ, सोंग हाय म्हणत हुतो ते खरं निघालं का न्हाय. सकाळपास्नं पाण्याला बी मीच जाते."

मॅडम, रक्त ओतून दिलं हे घाण होतं. पण ते ओतलेलं रक्त तिच्याच विरुद्ध साक्षीला उभं केलं होतं, घरातल्या माणसांच्या हातात दिलं होतं, आणि त्यावर माझं नाव होतं. मी म्हटलं, "तो कागद खोटा आहे. तुमचं रक्त तपासलंच नाही."

तिने खिळ्यावरच्या कागदाकडे हात केला. "खोटा कसा? तुमीच टोचली की सुई."

तिची सासू आतून आली. वाळकी, ताठ, तपकीर ओढणारी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पयला खोटा म्हणतीस. मग तू दुसरा आणशील, त्यो खरा कशावरनं?"

मी उंबऱ्यावर बसले, तिचा हात घेतला, तळवा वर करून माझ्या मांडीवर ठेवला आणि शेजारी माझा हात ठेवला. म्हातारीने दोन्हीकडे पाहिलं. मग ती खाली वाकली आणि तिने आपलाही हात शेजारी आणून ठेवला. सुरकुतलेला, भेगा पडलेला, पण आत लाल. तीन हात. मधला मेणासारखा. म्हातारीने बोटाने सुनेचा तळवा दाबून पाहिला. मग आत गेली आणि पदर खोचून, पायात चपला घालून बाहेर आली. सुनेच्या चपला तिच्या हातात होत्या. त्या सुनेपुढे ठेवल्या आणि म्हणाली, "चल. मी बी येते. ही बाई पळून गेली तर धरायला कोन नको का."

सरकारी दवाखान्यात रक्त घेतलं तेव्हा म्हातारी टेबलाला खेटून उभी राहिली, नळी कुठे जाते ते बघत. हिमोग्लोबिन पाचच्याही खाली होतं. ड्यूटीवरची डॉक्टर मुलगी म्हणाली, "इतके दिवस काय करत होता तुम्ही लोक?" म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, मी म्हातारीकडे. तिला दाखल करून घेतलं, रक्ताच्या पिशव्या चढल्या. नवरा संध्याकाळी आला. दारातच उभा राहून "कागदावर तर बरोबर हुतं" असं दोन-तीनदा म्हणाला. म्हातारीने त्याला घागर भरायला घरी पाठवलं.

मी त्या डॉक्टर मुलीला सगळं सांगितलं, बेसिन, कप, सगळं. तिने मला बसवून लेखी घेतलं. वसाहतीतल्या बायकांचं रक्त पुन्हा घेतलं गेलं आणि आणखी काही जणी निघाल्या तशा. लॅबवर तपासणी आली, लॅब बंद झाली. तुम्हाला वाटेल, चला, झालं. दोन महिन्यांनी त्याच काचेच्या दारावर नवा बोर्ड लागला, बायकोच्या नावाने. उद्घाटनाला फुलांच्या माळा, पेपरात फोटो, खाली ओळ: आरोग्यसेवेत महिलांना संधी. तो फोटो मी शेजारणीच्या घरी पाहिला आणि चहा तसाच ठेवून उठले.

घरी काय झालं तेही सांगते. त्या दिवशी दवाखान्यातून परत आले आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. तो नीट ऐकत होता. मग म्हणाला, "सोडलीस ते बरं केलंस. आपल्याला गरज काय होती? जग असंच आहे." आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, मॅडम, आणि तिथे मला मोकळेपणा दिसला. सुटल्यासारखा. उद्यापासून गरम पोळी, मुलांचा अभ्यास, सगळं जागच्या जागी. एका बाईचा जीव जाता जाता राहिला होता आणि त्यातून त्याला त्याची दुपार परत मिळाली होती. मला सरांची इतकी किळस आली नव्हती. तो चोर होता, चोरासारखा वागला. हा भला माणूस आहे, आणि त्याच्या भलेपणाला तेच हवं होतं जे त्या चोराला हवं होतं: मी उपकारात राहावं. पुढे बरेच दिवस त्याच्या ताटात वाढताना माझा हात आखडायचा. आताशा तेवढं होत नाही. आठवडाभर त्याला त्याच्याच पोळ्या लाटायला लावल्या, बऱ्या जमतात.

मशीनवरची मला एकदा मंडईत भेटली. मेथीची जुडी निवडत होती. मला वाटलं, तोंड फिरवेल. नाही फिरवलं. मी विचारलं, नव्या बोर्डाखाली तूच आहेस का. म्हणाली, "हो." मग म्हणाली, "तू ॲप्रन काढून ठेवलास ते सगळ्यांना सांगतेस म्हणे. तुझ्या घरी नवऱ्याचा पगार येतो महिन्याला. माझ्या घरी मीच येते." जुडी पिशवीत टाकून निघून गेली. मी तिचा राग करायला गेले तर जमेना. तिच्या हातांचा मात्र करते. ते हात मला जिथे तिथे दिसतात, बूच काढताना.

मग मी पुन्हा हिंडले. शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका बाळंतिणींच्या छोट्या दवाखान्यात लागले. लॅब म्हणजे जिन्याखालची खोली, मशीन जुनं, खिडकी एकच. आधीपेक्षा कमी मिळतं. पण नळी मी स्वतः लावते, आकडा आला की स्वतः लिहिते, आणि चहा बाहेरच्या बाकावर पिते. बरोबरच्या मुली मला तुसडी म्हणतात. मोजताना त्या हाक मारतात आणि मी ओ देत नाही.

हे लिहून झालं तर आहे, पण टाकणार कुठे. तुमच्या लॅबच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. कागद घडी करून मुलीच्या जुन्या वह्यांत ठेवीन, त्या रद्दीत जातील तेव्हा हाही जाईल.

एक सांगायचं राहिलं. या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला शेवटचा प्रश्न तोच विचारला होता, तुमच्या लॅबनंतर आजपर्यंत कुठे होता. त्या काचेच्या दारामागच्या दिवसांचं मी त्यांना काहीच सांगितलं नाही. ते दिवस मी गॅपमध्येच ढकलले. म्हटलं, "घरी होते." आणि मॅडम, आयुष्यात पहिल्यांदा हे दोन शब्द मी मान वर करून बोलले.